फरी, गदका आणि चिलखत

तरवारीचा इतिहास सांगण्यास कोणीहि उत्सुक असतो; ढालीचा इतिहास सांगणारा क्वचितच भेटतो. भवानी तरवार आज कोठें आहे या प्रश्नावर आपल्याकडे जितकी शाई खर्च झाली, तिच्या शतांशहि शाई चिलखताच्या आंतल्या अस्तरावर कोणीं खर्च केल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं. मारणाऱ्याचे पोवाडे होतात; मार खाऊन सुखरूप घरीं परतलेल्याचा पोवाडा कोण गाणार? तथापि मनुष्यास मार बसतो तो कसा, त्यापासून अंग वांचतें तें कशानें, आणि कितपत वांचतें, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानें वैद्यांवर सोंपवून मोकळें व्हावें असा खास नाहीं.

या प्रश्नास आज एक निकड आली आहे. महाराष्ट्रांतील इतर भागांप्रमाणें कर्जत-खालापुराकडेहि शिवजयंतीच्या मिरवणुकींत लाठीकाठी आणि दांडपट्टा खेळणारे मुलगे व मुली आतां दिसूं लागल्या आहेत. त्यांच्या डोक्यास भगवा फेटा असतो, शिरस्त्राण नसतें. त्यांचींच भावंडें जेव्हां तालुक्याच्या गांवीं तायक्वांदो किंवा कराटे शिकावयास जातात, तेव्हां डोक्यास स्पंजाची टोपी, छातीवर गादी आणि दांतांत रबराची पट्टी असा सारा सरंजाम विकत घ्यावा लागतो. दोहोंपैकीं कोणता खेळ निर्धोक, असें एखाद्या आईनें विचारलें तर तिला काय उत्तर द्यावें? ‘आपले पूर्वज असेच खेळले’ हें उत्तर नव्हे. आणि ‘गादी बांधली म्हणजे झालें’ हेंहि उत्तर नव्हे, असें आम्हांस वाटतें.

मुळांत मार दोन जातींचा असतो. एक धारेचा किंवा टोंकाचा. तो कातडी फोडतो, रक्त काढतो आणि डोळ्यांना दिसतो. दुसऱ्यास आपल्या भाषेंत ‘मुका मार’ असें फार मार्मिक नांव आहे. त्याची वाच्यता होत नाहीं; कातडी शाबूत राहते, आणि आंत हाड, स्नायु वा मेंदू दुखावलेला असतो. आवरणांच्या इतिहासांतला बहुतेक घोंटाळा एका मारावरचा इलाज दुसऱ्या मारावर चालेल असें मानल्यामुळें झालेला आहे.

पहिल्या मारावरचा आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध इलाज म्हणजे प्रतापगडच्या पायथ्याशीं १० नोव्हेंबर १६५९ रोजीं शिवाजी महाराजांच्या अंगांत असलेलें चिलखत. कृष्णाजी अनंत सभासदानें १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरींत तो प्रसंग दिला आहे. अफजलखानानें कुशींत शस्त्र चालविलें, तें वरच्या वस्त्राच्या आंत असलेल्या चिलखतावर घासून गेलें आणि शरीरास लागलें नाहीं, असा त्याचा मथितार्थ. या वर्णनांत चिलखताचें काम नेमकें आलें आहे. लोखंडाच्या हजारों बारीक कड्या एकमेकींत गुंतवून, त्यांचीं टोकें रिवेटांनीं बंद करून जें जाळें होतें, तें धार अडवितें आणि टोंक घसरवितें. त्याच्यापुढें साधी कट्यार बहुधा निरुपाय होते.

परंतु हेंच जाळें मुक्या मारापुढें जवळजवळ निरुपयोगी असतें, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. कड्यांचें जाळें कापडासारखें लवचिक असल्यामुळें वरून बसलेला दणका तें तसाच आंत पोंचवितें. मध्ययुगांतल्या शस्त्रकारांना हें पक्कें ठाऊक होतें. म्हणूनच बख्तर घातलेल्या शत्रूसाठीं गुर्ज निघालें, ज्यास धार नसते, नुसतें वजन असतें; आणि म्हणूनच त्या गुर्जावर उतारा म्हणून चिलखताच्या आंत कापूस भरून टांचलेला डगला आला. अबुल फज्लच्या ‘आईन-इ-अकबरी’ंत शस्त्रांची जी यादी आहे, तींत लोखंडी बख्तरांबरोबर रुईदार अंगरख्यांचीहि गणना केली आहे, ती उगीच नव्हे. लोखंड धारेसाठीं आणि कापूस दणक्यासाठीं, अशी ही कामाची वांटणी होती. संग्रहालयांतून आज आपणांस लोखंड दिसतें. कापूस कसरीनें आणि काळानें खाल्ला. त्यामुळें पाहणाराचा असा समज होतो कीं, सारें रक्षण लोखंडच करीत होतें.

कापूस दणका गिळतो म्हणजे काय करतो? एक नारळ एक मीटर उंचीवरून सोडला अशी कल्पना करूं. तो खडकावर पडला तर थांबण्यास त्याला जागाच मिळत नाहीं आणि तो फुटतो. तोच भाताच्या पेंढ्यावर पडला तर चार बोटें आंत रुततो आणि शाबूत राहतो. दोन्ही वेळीं त्याचा वेग एकच होता. फरक पडला तो थांबण्यासाठीं मिळालेल्या अंतरांत. हिशेबच करावयाचा तर, थांबण्यास एक सेंटिमीटर मिळालें असतां त्या नारळावर त्याच्या वजनाच्या सरासरी सुमारें शंभरपट जोर येतो. चार सेंटिमीटर मिळाले तर सुमारें पंचवीसपट. क्रिकेटचा चेंडू झेलतांना खेळाडू हात मागें घेतो त्यांतलें मर्म हेंच. आवरणानें शक्ति नाहींशी होत नाहीं. ती अधिक वेळांत आणि अधिक जागेवर पसरते. येथें एक बारकावा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. फार मऊ गादी पहिल्या क्षणींच सगळी दबून जाते, तिचा तळ लागतो, आणि उरलेला वेग जसाच्या तसा हाडावर येतो. फार कठीण गादी दबतच नाहीं. म्हणजे गादीची जाडी आणि तिचा कठीणपणा हीं येणाऱ्या माराच्या मापाचीं असावीं लागतात. दुकानदार मात्र रंग आणि आकार पाहूनच ती विकतो.

आवरणाला आणखी एक किंमत मोजावी लागते, ती वजनाची आणि उकाड्याची. ती समजण्यास खालापूर तालुक्याइतकें चांगलें ठिकाण नाहीं. १६६० सालीं शाएस्तेखानानें पुणें घेऊन तळ दिला, आणि पुढील वर्षाच्या आरंभीं कारतलबखान उझबेक यास मोठ्या फौजेनिशीं कोंकणांत उतरण्यास पाठविलें. लोणावळ्याच्या बाजूनें कुरवंड्याचा घाट उतरून ही फौज चावणी गांवाजवळच्या उंबरखिंडींत आली. पुढची वाट शिवाजी महाराजांनीं रोखलेली, मागची वाटहि अडलेली, दोन्ही बाजूंस दाट झाडी आणि चढ. चौक गांवचा मानला जाणारा नेताजी पालकर या लढाईंत होता. २ फेब्रुवारी १६६१ च्या त्या झटापटींत वरून बाण-गोळ्यांचा वर्षाव सुरू झाला तेव्हां मोंगली फौजेस ना पसरतां येईना ना परततां येईना. अखेर बरोबर असलेल्या रायबागन या शूर स्त्रीच्या सल्ल्यानें खानानें अभय मागितलें, आणि सामानसुमान टाकून देऊन तो सुटला. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारतां’त ही हकीकत विस्तारानें आहे, तंजावरास मिळालेल्या हस्तलिखितावरून स. म. दिवेकरांनीं तें काव्य १९२७ सालीं प्रसिद्ध केल्यापासून ती मराठी वाचकांच्या आटोक्यांत आली.

आमचा मुद्दा एवढाच कीं, फेब्रुवारीच्या दुपारीं त्या खिंडींत चढून पाहावें. वारा अडलेला, पाय दगडांवर ठरत नाहींत, आणि सुती सदराहि अंगाला चिकटतो. अंगावर आठ ते बारा किलोंचें लोखंडी जाळें, त्याखालीं कापसाचा डगला आणि डोक्यावर लोखंडी टोप असला तर माणूस लढण्यापूर्वींच अर्धा संपतो. जें आवरण मैदानांत घोड्यावरून लढतांना वरदान, तेंच कोंकणच्या खिंडींत ओझें. मावळ्यांचें खरें आवरण झाडी आणि उंची हें होतें. त्यांच्या अंगावर चिलखत फारसें नव्हतें याला गरिबी कारण होती हें खरें. परंतु त्या गरिबीचा त्या दिवशीं तोटा झाला नाहीं हेंहि तितकेंच खरें.

रणांगणाचें इतकें पुरे. आमचा खरा विषय तालमीचा आहे. रणांत शत्रूस मारावयाचें असतें. तालमींत सोबत्यास मारावयाचें, पण मरूं द्यावयाचें नाहीं. सोबत्यावर पूर्ण जोरानें वार केल्याखेरीज हात बसत नाहीं, आणि पूर्ण जोरानें वार केला तर सोबती उद्यां येत नाहीं. जगांतल्या प्रत्येक युद्धविद्येस हा पेंच सोडवावा लागला. मराठी तालमीनें तो ज्या रीतीनें सोडविला तिच्याकडे आमच्या मतें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. आपल्या लोकांनीं गादी खेळाडूच्या अंगावर बांधली नाहीं. ती शस्त्रावर बांधली.

गदका म्हणजे काय? तरवारीच्या लांबीची, वर कातडें चढवून शिवलेली काठी. फरी म्हणजे आंतून मूठ असलेली, वितीएवढ्या व्यासाची कातड्याची वाटोळी ढाल. बोथाटी म्हणजे लांब वेळूचा भाला, ज्याच्या टोंकाला पात्याऐवजीं गोळा असतो; घोडेस्वार एकमेकांवर ती चालवून भाल्याचा हात बसवीत. ‘बोथट’ शब्दाशीं असलेलें तिचें नातें नांवांतच ऐकूं येतें. या तिन्ही साधनांत विचार एकच आहे. ज्याच्या हातीं शस्त्र, त्याच्यापाशींच त्याचा दंश काढून ठेवावयाचा. अंगावर बांधलेली गादी जेथें असेल तेथेंच राखते. शस्त्रावरची गादी वार जेथें पडेल तेथें त्याच्याबरोबर जाते. शिवाय ती उकडत नाहीं, आणि उघड्या अंगाच्या सोबत्यासमोर उभें राहिलेल्याचा हातहि आपोआप आवरतो.

तरी या पद्धतीची एक बाजू सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. फरीगदक्याच्या मूळ हातांचीं नांवें पाहा: शिर, तमाचा, बाहेरा. शिर म्हणजे माथ्यावरचा वार, आणि तमाचा व बाहेरा हे कानशिलाच्या दोन बाजूंचे. म्हणजे विद्यार्थी जे हात पहिल्यानें गिरवितो ते डोक्यावरचे, आणि डोक्यावर मात्र कांहींच नाहीं! त्याची सारी भिस्त त्या वितीएवढ्या फरीवर. आतां फरी ही गादी नव्हे. ती दणका गिळत नाहीं, वळविते. वार तिच्यावर सरळ पडला तर त्याचा धक्का मूठ, मनगट आणि कोंपर यांतून खांद्यापर्यंत जातो. तिरका पडला तर घसरून जातो. म्हणून वस्ताद फरी सपाट धरूं देत नाहीं, आणि कोंपर ताठ ठेवूं देत नाहीं. किंचित् वांकलेलें कोंपर हीच तेथली स्प्रिंग. पेंढ्यावर पडलेल्या नारळाला जें अंतर मिळालें, तेंच येथें हाताच्या मागें जाण्यानें मिळतें. दांडपट्ट्याची गोष्ट आणखी निराळी. त्याचा लोखंडी खोबळा कोंपराकडे जाणारा हात झांकतो खरा, पण पात्यास गादी बांधण्याची सोय नाहीं. म्हणून माणसाच्या तळहातावर ठेवलेलें लिंबू कापणें असल्या कसरतींतून तेथें केवळ हाताचा ताबा शिकविला जातो.

इतर देशांनीं दुसऱ्या वाटा धरल्या. जपानांत अठराव्या शतकाच्या आरंभीं नागानुमा घराण्यानें लांकडी तरवारीच्या जागीं बांबूच्या चिरांची ‘शिनाइ’ आणि तिच्या जोडीला डोकें, मनगट व छाती झांकणारें चिलखत रूढ केलें. आजचें केंडो त्यांतून निघालें. त्यांनीं शस्त्रहि मऊ केलें आणि अंगहि झांकलें. इंग्लंडांत त्याच शतकाच्या मध्यास जॅक ब्रॉटन यानें आपल्या सधन शिष्यांसाठीं मुष्टियुद्धाचे गादीदार मोजे काढले, आणि १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांनीं ते सक्तीचे झाले. फ्रान्सांत तरवारबाजांच्या तोंडावर तारेच्या जाळीचा मुखवटा आला. पंजाबांत गतका आणि फरी हीच जोडी आजहि चालू आहे, आणि २०२३ च्या गोव्यांतील राष्ट्रीय क्रीडास्पर्धांत गतक्याला स्थान मिळालें होतें. आपला गदका आणि त्यांचा गतका यांचें सख्य नांवापुरतें नाहीं.

आपल्या तालमी मात्र मध्यंतरीं मंदावल्या. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्यानें खरीं शस्त्रें घराघरांतून गेलीं, आणि तरवारीची तयारी म्हणून ज्या गदक्याचा जन्म झाला, त्याच्या पुढें जावयास तरवारच उरली नाहीं. साधन होतें तें साध्य झालें. पुण्याच्या गंज पेठेंत लहुजी वस्ताद साळव्यांची तालीम होती. खालापुराच्या शेजारच्या पनवेल तालुक्यांतील शिरढोणास १८४५ सालीं जन्मलेले वासुदेव बळवंत फडके या वस्तादांपाशीं शस्त्रविद्या शिकले. त्या पिढीपर्यंत तालमीचा आणि रणाचा धागा तुटलेला नव्हता. पुढें हे हात विस्मृतींत जाऊं नयेत म्हणून बडोद्याच्या द. चिं. करंदीकर-मुजुमदारांनीं ‘व्यायाम ज्ञानकोशा’चे दहा खंड १९३६ ते १९४९ या काळांत सिद्ध केले. त्यांचे उपकार मोठे आहेत. परंतु हाताचें वर्णन पुस्तकांत उतरतें. मार कितपत मारावा हें वस्तादाच्या नजरेंत असतें, आणि ती नजर पुस्तकांत उतरत नाहीं. नजर गेली आणि हात उरले, तर उघड्या डोक्यावर खेळणें हें शौर्य राहत नाहीं.

आतां त्या आईच्या प्रश्नाकडे वळूं. टोपी घातली म्हणजे डोकें वांचलें काय? मेंदू कवटीच्या आंत द्रवांत असतो. कवटी फुटणें ही एक इजा. कवटी शाबूत राहून आंतला मेंदू हिसका खाणें ही दुसरी. गादीदार टोपी कातडी फाटूं देत नाहीं, कवटीवरचा जोर पसरविते, ओठ-भुंवया वांचविते. पण डोकें जेव्हां गर्रकन वळतें, तेव्हां टोपीहि त्याच्याबरोबर वळते; तो पीळ मेंदूस बसायचा तो बसतोच. आपला ‘तमाचा’ कानशिलावर बसला म्हणजे हाच पीळ पडतो. मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २०१३ सालीं प्रौढ पुरुषांच्या सामन्यांतून टोप काढून टाकला, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकांत पुरुष उघड्या डोक्यानें लढले. टोपामुळें दृष्टि आकुंचित होते, डोक्याचा आकार वाढून तें नेम धरण्यास सोपें होतें, आणि खेळाडू निर्धास्त होऊन मार अंगावर घेतात, असे युक्तिवाद त्या वेळीं झाले. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें असें कीं, टोप गेल्यावर भुंवया फुटण्याचें प्रमाण वाढलें. आम्हांस दोन्ही पक्ष खरे वाटतात, कारण ते दोन निरनिराळ्या मारांविषयीं बोलत आहेत. मुष्टियुद्धाच्या मोज्याचेंहि तेंच. तो मार खाणाऱ्याच्या मेंदूपेक्षां मारणाऱ्याच्या बोटांचें रक्षण अधिक करतो, आणि बोटें सुरक्षित झाल्यानें डोक्यावर मारण्याची भीड चेपते.

टोंकाच्या मारासंबंधीं मात्र आवरणाचें महत्त्व वादातीत आहे. १९८० चा ऑलिंपिक विजेता व्लादिमिर स्मिरनोव्ह १९८२ सालीं रोमच्या जागतिक स्पर्धेंत खेळत असतां प्रतिस्पर्ध्याचें पातें मोडलें, आणि तुटलेलें टोंक त्याच्या मुखवट्याच्या जाळींतून आंत गेलें. त्यांतच त्याचा अंत झाला. त्यानंतर मुखवट्याची जाळी बळकट झाली, वस्त्रांस न फाटणारे नवे धागे आले, आणि, हें विशेष, पात्याचें पोलादहि सुधारलें. म्हणजे युरोपानेंहि शेवटीं शस्त्राकडे पाहिलें. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांत तरवारबाजाच्या वस्त्रानें ८०० न्यूटन आणि मुखवट्याच्या गळपट्टीनें १६०० न्यूटन जोर न फाटतां सोसावा अशी अट आहे. ही अट चिलखताची आहे, डगल्याची नव्हे. ती भोसकण्याविषयीं बोलते, दणक्याविषयीं नव्हे. मापांचे आंकडे पाहून वस्तु घेणारांनीं हा भेद ओळखावा.

मग कर्जत-खालापुराच्या आखाड्यांत काय करावें? आमच्या मतें जोडीनें खेळतांना शस्त्रावरची गादी ही जुनी रीत सोडूं नये. नुसत्या बांबूनें जोडीचा खेळ खेळविणें ही परंपरा नव्हे, आळस आहे. पण डोळे आणि दांत यांविषयीं जुन्या रीतीनें केलेली हयगय चालू ठेवण्याचें कारण नाहीं. गदक्याचें टोंक डोळ्यांत गेलें तर वस्तादाचा कितीहि ताबा असला तरी गेलेला डोळा येत नाहीं, आणि तारेच्या जाळीचा मुखवटा कांहीं परंपरेस बाधक नाहीं. नवशिक्यांना शिर, तमाचा, बाहेरा हे हात फरीवर किंवा हवेंत गिरवूं द्यावेत. डोक्यावर प्रत्यक्ष बसवूं देऊं नयेत, टोपी असो वा नसो. ज्या मुलास डोक्याला मार बसून घेरी आली, मळमळलें किंवा क्षणभर कांहीं आठवेनासें झालें, त्यास त्या दिवशीं पुन्हा उभें करूं नये आणि डॉक्टरांस दाखवावें, मग मुलगा कितीहि हट्ट करो आणि मिरवणूक कितीहि जवळ येवो. अशा वेळीं ‘घोटभर पाणी पी आणि चल’ असें म्हणणारे हितचिंतक प्रत्येक गांवांत असतात. त्यांना दूर ठेवणें हेंहि वस्तादाचेंच काम.

आणि साधनांची निगा. कर्जतेस वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. चार महिने बंद खोलींत पडलेल्या गदक्याचें कातडें बुरशीनें कडक होतें, आंत भरलेलें कापड वा कापूस ओल धरून एका बाजूस गोळा होतो, आणि दुसऱ्या बाजूस नुसतें लांकूड राहतें. जुनी गादी जशी पिंजून घ्यावी लागते तसेंच हें. स्पंजाचीं आधुनिक आवरणेंहि याला अपवाद नाहींत. शेंकडों मार खाल्ल्यावर तीं वरून नवीं दिसतात, पण अंगठ्यानें दाबलें असतां पूर्वीसारखीं फुलून येत नाहींत. नवरात्रापूर्वीं प्रत्येक गदक्याची शिवण उसवून आंतला भाग उन्हांत वाळवावा, पुन्हा सारखा बसवून शिवावा, आणि जो हातानें चाचपतां कोठेंहि कठीण लागेल तो जोडीच्या खेळांतून काढून एकट्यानें हात गिरविण्यास ठेवावा.